तारणमाल सांभाळणारी कंपनी : एका बँकेचा अनुभव

मशीद बंदरच्या एका मसाला व्यापाऱ्याला आमच्या नागरी सहकारी बँकेने हळदीच्या तारणावर कर्ज दिले, तेव्हा ४०० पोती शिवडीच्या एका गोदामात ठेवून त्यांवर देखरेख करण्याचे काम आम्ही तारण व्यवस्थापनाचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीकडे सोपवले. वाद मिटलेला असल्याने कंपनीचे नाव लिहीत नाही. मात्र अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या बँकांना आणि पतसंस्थांना उपयोग होईल, म्हणून कर्ज विभागात बसून जे पाहिले ते मांडतो.

रोजच्या कामाबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे नाही. साठ्याचा तक्ता वेळेवर येई, फवारणी होई आणि भाडेही वाजवी होते.

मार्चअखेरच्या मोजणीला मी स्वतः गेलो. थप्पी बाहेरून इतकी नेटकी होती की पोती मोजून सही करावी आणि चहाला जावे असेच कोणालाही वाटले असते. पण माथाडी कामगाराला वरची रांग उतरवायला सांगितली, तेव्हा तिसऱ्या थराखाली त्याचा हात सरळ आत गेला. मधोमध लाकडी फळ्या आणि भुसा भरलेले बारदान रचलेले होते. प्रत्यक्षात ३५४ पोती भरली. दाराचे कुलूप शाबूत, बँकेची मोहोर शाबूत, आणि गोदामपालाच्या वहीत त्याच दिवशी सकाळी ४०० पोत्यांवर सही झालेली.

शाबूत कुलपामुळेच विम्याचा दरवाजा बंद झाला. घरफोडीच्या विम्याला बळजबरीने प्रवेश झाल्याची खूण लागते, आणि मोजणीत आढळलेली, कारण न सापडणारी तूट त्यात बसत नाही.

कंपनीचे उत्तर मात्र वाचण्यासारखे होते. एक तर, करारातील एका कलमान्वये तिची जबाबदारी वर्षभराच्या सेवाशुल्कापुरतीच मर्यादित आहे. आणि दुसरे, उरलेल्या ३५४ पोत्यांत बँकेचे येणे सहज भागत असल्याने बँकेचे नुकसानच झालेले नाही. आमच्या काही संचालकांनाही हा दुसरा मुद्दा पटू लागला होता. तो चुकीचा का, हे वकिलांनी समजावले. तारणमाल बँकेकडे केवळ सांभाळायला असतो, मालक कर्जदारच राहतो. कर्ज फिटले की माल परत देणे बँकेला भाग आहे, आणि तो परत देता येत नसेल तर कर्जाची रक्कमही मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने लल्लन प्रसाद विरुद्ध रहमत अली या प्रकरणात म्हटले आहे. जामीनदारही सुटू शकतो : भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४१ नुसार धनकोने तारण गमावले, तर त्या तारणाच्या किमतीइतका जामीनदार मोकळा होतो. म्हणजे कंपनीने गमावलेल्या ४६ पोत्यांचा हिशेब कर्जदार आमच्याकडे मागणार होता, आणि ‘तुमचे काय गेले?’ असे आम्हालाच विचारले जात होते.

म्हणून दावा ४६ पोत्यांच्या पूर्ण किमतीचा केला. त्याच कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे, सांभाळायला दिलेल्या मालाची, शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तितकी काळजी घ्यावी लागते, आणि ती घेतली हे सिद्ध करण्याचा भार माल सांभाळणाऱ्यावर असतो. पोकळ थप्पीच्या छायाचित्रांपुढे तसे सिद्ध करणे कठीणच होते. कलम १८० मुळे तारणधारकाला, म्हणजे इथे बँकेला, त्रयस्थाविरुद्ध मालकासारखे उपाय मिळतात आणि कलम १८१ मुळे मिळालेली रक्कम दोघांच्या हितसंबंधांप्रमाणे वाटली जाते, हा आधारही वकिलांनी नोटिशीत घेतला. दर कोणत्या दिवसाचा, यावर मात्र महिनाभर पत्रे फिरली, कारण कर्ज देतानाच्या दरापेक्षा मागणीच्या दिवशीचा दर चढा होता.

सात महिन्यांनी मागणीच्या दिवशीच्या बाजारभावाने भरपाई मिळाली. व्याज मिळाले नाही, आणि वकिलाची फी आमच्याच अंगावर पडली.

एक चूक आमचीही होती. गोदाम वखार (विकास व नियमन) अधिनियम, २००७ खाली नोंदणीकृत आहे का, हे आम्ही विचारलेच नाही. तसे असते तर इलेक्ट्रॉनिक परक्राम्य (म्हणजे दुसऱ्याच्या नावे हस्तांतरित करता येणाऱ्या) वखार पावतीवर बँकेच्या तारणाची नोंद झाली असती, आणि निष्काळजीपणा ठरल्यास मालाच्या किमतीबरोबर पावतीधारकाचा बुडालेला नफाही मागता आला असता. आमच्या हाती होती ती कंपनीची स्वतःची छापील पावती, तीही कर्जदाराच्या नावाची. तिच्यावर बँकेचा केवळ शिक्का होता.

पाचपैकी दोन गुण देतो : एक तक्त्यांसाठी, एक अखेरीस पैसे दिल्याबद्दल. कंपनीने नूतनीकरणाचा मसुदा पाठवला आहे आणि त्यात जबाबदारी मर्यादित करणारे ते कलम शब्दशः तसेच आहे. ते खोडून, पावती बँकेच्या नावे करण्याची अट घालून, मसुदा मी सोमवारी परत पाठवला.