राजारामपुरीतला इंग्लिश शब्दांचा क्लास, पोरांना जरूर पाठवा

बहिणीच्या पोरीला स्पर्धा परीक्षेसाठी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या इंग्लिश क्लासला घातलंय, परवा डेमोला मीपण मागं बसून ऐकलं, मॅडम लई भारी शिकवतात. दुर्लक्ष या एका विषयावर अख्खं लेक्चर! इग्नोर म्हणजे दिसत असून मुद्दाम बघायचं नाही, ओव्हरलुक म्हणजे नजरेतून सुटलं, आणि निग्लेक्ट म्हणजे ज्याची काळजी घेणं आपलं काम होतं ते केलंच नाही, मग रंकाळा तलावात जलपर्णी माजते तेव्हा यातला कुठला शब्द लावायचा ते पोरांनाच विचारलं आणि पोरं अशी तावातावानं बोलायला लागली की काय सांगू. निग्लिजंट म्हणजे निष्काळजी आणि निग्लिजिबल म्हणजे नगण्य, ही गल्लत तर बऱ्याच जणांची होते. निग्लिजन्स कोर्टात कसा येतो तेपण सांगितलं, म्हणजे डॉक्टरनं किंवा ड्रायव्हरनं घ्यायला हवी ती काळजी घेतली नाही आणि त्यामुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. सरकारी माणसानं नेमून दिलेलं काम टाळलं की डिरिलिक्शन ऑफ ड्युटी. प्रत्येकाकडून वाक्यं करून घेतात हे मला फार आवडलं.

नोट्सची झेरॉक्स मात्र पुसट आहे, ती बदलाच. गाडी लावायला जागा नाही, चालत जा.