सॅं-सुल्पीसचा ऑर्गन: पॅरिसला गेलात तर रविवार राखून ठेवा

आयफेल टॉवर वगैरे ठीक, पण मला पॅरिसमध्ये सगळ्यात आवडलं ते सॅं-सुल्पीस चर्चमधलं ऑर्गनवादन, रविवारच्या मासनंतर (म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) असतं आणि तिकीट नाही. मूळ ऑर्गन क्लिको या कारागिराचा, १७८१चा, पण काव्हाये-कोल या दुसऱ्या ऑर्गन बनवणाऱ्याने १८६२ला तो नव्याने बांधून पाच कीबोर्ड आणि १०० स्टॉपपर्यंत (स्टॉप म्हणजे एकेका आवाजाच्या पाइपांचा संच चालू-बंद करणारी खुंटी) वाढवला, आणि मला भारी वाटलं ते हे की क्लिकोचे बरेच पाइप त्याने टाकून न देता नव्यात सामावून घेतले. एवढा मोठा ऑर्गन म्हणजे पट्ट्या दगडासारख्या जड व्हायच्या, म्हणून त्याने बोटांचा जोर वाचवणारे, हवेच्या दाबावर चालणारे बार्कर लिव्हर बसवले.

आपली पेटी पण पॅरिसचीच लेक, त्यामुळे भात्याचा श्वास ओळखीचा वाटतो, पण इथे ३२ फुटी पाइपचा खर्ज लागला ना की तो कानाआधी खुर्चीच्या पाठीतून अंगात येतो, मी हात ठेवून पाहिला, लाकूड खरंच थरथरत होतं!

एकच अडचण, ऑर्गन मागे वर आहे आणि खुर्च्या पुढच्या अल्टरकडे (वेदीकडे) तोंड करून, वादक काही दिसत नाही. पाच स्टार.