नवा इलेक्ट्रोमीटर: सोलापूरचा उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपता संपता आमच्या रेडिओथेरपी विभागात हा इलेक्ट्रोमीटर आला, आता दिवाळी तोंडावर आली आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. ज्यांना घ्यायचा आहे ते तीन-चार कोटेशन मागवणारच आहेत. त्यांनी काय काय विचारावं, ते मात्र इथे सापडेल.

फिजिक्सशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. लिनॅक, म्हणजे किरणोपचाराचं मशीन, पेशंटला किती डोस देतंय हे तपासायला पाण्याच्या टाकीत १० सेंमी खोलीवर फार्मर चेंबर, म्हणजे हवा भरलेली छोटी नळी, ठेवतात. त्यातली ०.६ घनसेंमी हवा किरणांमुळे आयनित होते, आणि चेंबरला ३००-४०० व्होल्ट दिले की तो चार्ज गोळा होतो. ६ एमव्हीच्या (मेगाव्होल्ट) बीमला १०० एमयू (मॉनिटर युनिट, मशीन किरणं मोजून देतं ते एकक) दिले की हाती येतात जेमतेम ११-१२ नॅनोकूलोम (कूलोम हे चार्जचं एकक, नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा भाग). करंट पाहाल तर एक नॅनोअँपिअरसुद्धा भरत नाही. एवढासा चार्ज वाटेत न सांडता मोजायचा, हे इलेक्ट्रोमीटरचं काम. मशीनचं आउटपुट, म्हणजे दर एमयूला किती डोस, त्याच आकड्यावरून ठरतं.

मोजण्यात हा बॉक्स चोख आहे. बीएआरसीकडून (भाभा अणुसंशोधन केंद्र) कॅलिब्रेट झालेल्या जुन्या सेटशी दर महिन्याला ताडून पाहते, गुणोत्तर ०.२ टक्क्यांच्या पलीकडे हललेलं नाही. झिरो पटकन होतो. पोलॅरिटी (व्होल्टेजची दिशा) आणि रिकॉम्बिनेशन (गोळा होण्याआधीच जुळून वाया जाणारा चार्ज) तपासायला व्होल्टेज बाहेर कन्सोलवरूनच बदलता येतं, दर वेळी बंकरमध्ये, म्हणजे मशीनच्या जाड भिंतींच्या खोलीत, पळावं लागत नाही. फक्त व्होल्टेज बदलल्यावर काही मिनिटं थांबा आणि पहिलं रीडिंग सोडून द्या. बॅटरीवर चालतो हाही मोठा आधार, कारण मे महिन्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

आता खरं दुखणं. चेंबर हवेला उघडं असतं, तापमान-दाबाप्रमाणे आतली हवा विरळ-दाट होते, म्हणून त्यांचं करेक्शन लावावंच लागतं. संदर्भ २० अंश आणि १०१३.२५ मिलिबारचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आहे, त्यामुळे इथला प्रत्यक्ष दाब ९५०-९६५ मिलिबारच्या घरात असतो. पाणी २४ अंशांवर आणि दाब ९५६ असेल तर करेक्शन येतं १.०७४, म्हणजे सात टक्क्यांहून जास्त. मुंबईतल्या सहकाऱ्याला हा आकडा सांगितला तर तो आधी माझा बॅरोमीटर तपासायला सांगतो!

बॉक्सच्या स्क्रीनवर तापमान आणि दाब भरले की करेक्शन आपोआप लागतं. ऐकायला छान वाटतं. पण बॅटरी पूर्ण उतरली की दोन्ही रकाने गुपचूप २० आणि १०१३.२५ वर जाऊन बसतात. सूचना नाही, लाल अक्षर नाही, काही नाही. वर हव्या त्या आकड्याला हा मान डोलावतो. आमच्याकडे इंटर्नशिपला असलेल्या मुलीने एकदा मोबाइलच्या हवामान ॲपवरून १००६ भरून बघितलं, तेही त्याने निमूट घेतलं. ॲपवरचा दाब समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, जागेवरचा नसतो. त्या आकड्याने डोस पाच टक्के कमी दिसतो. कोणी त्यावर विश्वास ठेवून आउटपुट वर ओढलं, तर तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला ७० ग्रेऐवजी (ग्रे हे डोसचं एकक) साडेत्र्याहत्तर ग्रे जाईल. तंबाखू-मिश्रीमुळे आमच्या भागात असे पेशंट भरपूर, आणि त्यांचं तोंड ठरलेल्या डोसनेच इतकं सोलवटलेलं असतं की पाणी गिळवत नाही. म्हणून आम्ही आपोआप करेक्शन कायमचं बंद ठेवलं आहे. कच्चे नॅनोकूलोम लिहायचे, भिंतीवरच्या कॅलिब्रेटेड बॅरोमीटरचा दाब घ्यायचा आणि गणित वर्कशीटवर करायचं. ९९० च्या वरचा आकडा टाकल्यावर 'नक्की का?' एवढं जरी या बॉक्सने विचारलं असतं, तरी मी त्याला एक स्टार जास्त दिला असता.

तापमान घ्यायचं ते टाकीतल्या पाण्याचं, खोलीचं नाही. एका अंशाला साधारण ०.३ टक्के फरक पडतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी हाताला चटका देतं, ते एसीच्या खोलीत रात्रभर ठेवल्याशिवाय मोजायला बसूच नका. मोजून झाल्यावर ते ओतून देणं आमच्या जिवावर येतं. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येणाऱ्या शहरात ते साहजिकच आहे. मग ते जातं बाहेरच्या कुंड्यांना.

पावसाळ्यात लीकेज, म्हणजे किरणं नसतानाही दिसणारा करंट, वाढलं. एरवी स्क्रीनवर शून्याच्या आसपास घुटमळणारा करंट दोन-तीन पिकोअँपिअरवर जाऊन थांबायला लागला. नॅनोअँपिअरभर सिग्नलमध्ये तेवढ्याने ०.१ टक्क्याची मर्यादा ओलांडली जाते. मी बॉक्सवरच संशय धरून बसले होते. आमच्या जुन्या टेक्निशियन मामांनी आधी बॉक्सवरून केबल काढून बॉक्सच्या सॉकेटला कॅप लावली, तर आकडा शून्यावर. नुसती एक्स्टेन्शन केबल जोडली, तर पुन्हा वर. "मॅडम, बॉक्स चांगला हाय. पाणी वायरीत मुरतंय." बंकरच्या फरशीवर पडून राहिलेल्या केबलच्या ट्रायॲक्सियल (तीन पदरी) कनेक्टरच्या पांढऱ्या इन्सुलेटरवर बारीक ओलसर पुट चढलं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर ठेवला, सकाळी ठणठणीत. आता कनेक्टरला कॅप लावल्याशिवाय केबल गुंडाळायची नाही असा नियम आहे, आणि तो मोडला की मामा ओरडतात, मलासुद्धा.

सर्व्हिसबद्दल थोडक्यात: चार्जरची पिन ढिली झाली, एवढ्यासाठी अख्खा बॉक्स कुरिअरने पाठवायला लावला आणि कित्येक आठवडे परत आला नाही. तेवढे दिवस जुन्या सेटनेच तारलं. त्यामुळे दुसरा इलेक्ट्रोमीटर हाताशी नसेल तर निव्वळ या एकाच्या भरवशावर राहू नका.

ज्यांच्याकडे एचडीआर ब्रेकीथेरपी (शरीराच्या आत किरणोत्सारी सोर्स नेऊन द्यायचा उपचार) आहे त्यांनी वरची रेंज आधी तपासावी. नवा इरिडियम-१९२ सोर्स वेल चेंबरमध्ये, म्हणजे तो मोजायच्या विहिरीसारख्या चेंबरमध्ये, घातला की करंट दहा-दहा नॅनोअँपिअरच्या पटीत जातो. इरिडियमचं अर्धायुष्य साधारण ७४ दिवसांचं, त्यामुळे सोर्स वारंवार बदलतो आणि दर नव्या सोर्सला हीच परीक्षा. आमचा बॉक्स तिथे अडला नाही.

एकंदर मी हा पुन्हा घेईन, पण कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहून घेऊनच. दुरुस्तीच्या काळात बदली बॉक्स, जादा चार्जर, आणि तुमच्या चेंबरला जुळणारा कनेक्टर. आमचं चेंबर टीएनसीचं आणि बॉक्सवर बीएनसी निघालं, त्या बोटभर अडॅप्टरचं वेगळं बिल पाहून अकाउंट्सवाल्यांनी मला दोनदा फोन केला.