काचेच्या पेटीतला धूर आणि आईचा दमा

पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमच्या इमारतीला लागूनच बांधकाम सुरू झाले आणि त्या धुळीने आईचा दमा बळावला, म्हणून तिच्या खोलीसाठी एअर प्युरिफायर घ्यायचे आम्ही ठरवले. त्याच सुमारास सोसायटीच्या सभागृहात विक्री-प्रदर्शन भरले होते. तिथे एका विक्रेत्याने काचेच्या बंद पेटीत अगरबत्तीचा धूर कोंडला, आत ठेवलेल्या आयनिक यंत्राचे बटण दाबले आणि बघता बघता पेटी निवळली. "काकू, याला फिल्टरच नाही, त्यामुळे फिल्टर बदलायचा खर्च नाही आणि पंख्याचा आवाजही नाही," असे त्याने आईला सांगितले. रोखीवर सवलत मिळते म्हणून आम्ही १८,५०० रुपये तिथेच मोजले आणि साधी पावती घेऊन घरी आलो.

पेटीतला प्रयोग खोटा नव्हता, आणि म्हणूनच माणूस त्याला भुलतो. यंत्रातल्या सुयांच्या टोकांना उच्च विद्युतदाब मिळाला की हवेत ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेले अतिसूक्ष्म कण, सुटतात, त्यांच्यामुळे धुराचे व धुळीचे कण विद्युतभारित होतात आणि जवळ जो पृष्ठभाग सापडेल त्याला जाऊन चिकटतात. छोट्या पेटीत काच वीतभर अंतरावर असते, त्यामुळे धूर काचेवर बसतो. बारा बाय बाराच्या खोलीत मात्र, जिथे खिडकीतून धूळ सतत येत असते आणि हवा ओढून घेणारा पंखा यंत्रात नसतो, तिथे फारच थोडी हवा त्या सुयांजवळून जाते. शिवाय जे कण बसतात ते भिंतीवर, पडद्यावर, अंथरुणावर बसतात आणि चादर झटकली की पुन्हा हवेत उडतात. तीन आठवड्यांत यंत्रामागच्या पांढऱ्या भिंतीवर काळपट डाग उमटला. ओले फडके फिरवले तर ते काजळी पुसल्यासारखे काळे झाले. फोनवर विक्रेता म्हणाला, "बघा, किती घाण खेचून काढतंय!" आणि तेव्हा मला ते पटलेही.

पैसे गेले त्याहून जास्त मला पुढची गोष्ट लागली आहे. "अरे, झेरॉक्सच्या दुकानासारखा वास येतोय," असे आई दुसऱ्या दिवसापासून सांगत होती आणि नव्या यंत्राचा वास असेल म्हणून मी ते कानाआड केले. आठवड्यातून एकदा-दोनदा लागणारा तिचा पंप पुढे रोज लागू लागला. छातीच्या डॉक्टरांनी सगळे विचारून घेतले आणि यंत्र आजच बंद करा, असे बजावले. अशा यंत्रांतून ओझोन वायू निघू शकतो, आईला येणारा तो वास त्याचाच असावा; त्याने श्वासनलिकांचा दाह होतो आणि दमेकऱ्याला तो विशेष घातक ठरतो. लिंबाच्या वासाच्या फरशी-क्लीनरमधील द्रव्यांशी ओझोनची अभिक्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड हा अपायकारक वायूही तयार होतो, आणि आमच्याकडे फरशी रोज त्यानेच पुसली जात होती. कॅलिफोर्नियात घरगुती यंत्रांतील ओझोनवर ०.०५० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५० भाग) कायदेशीर मर्यादा आहे; आमच्या खोक्यावर ओझोन हा शब्दसुद्धा नव्हता.

खोक्यावर आणखी एक आकडा नव्हता, तो म्हणजे सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते. विक्रेता लाखो आयनांचे आकडे सांगत होता, पण आयनांच्या संख्येवरून खोलीतली धूळ किती कमी होईल हे कळत नाही. बारा बाय बारा, दहा फूट उंच खोलीत साधारण ४१ घनमीटर हवा मावते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर सीएडीआर २०० च्या आसपास हवा. हेपा फिल्टरचे, म्हणजे बारीक कण अडकवणाऱ्या दाट जाळीचे यंत्र घेताना आम्ही हा हिशेब केला आणि त्यात आयनायझरचे, म्हणजे आयन सोडण्याचे बटण असल्यास ते वेगळे बंद करता येते ना, हेही तपासले. फिल्टर बदलण्याचा खर्च आता वेगळा बाजूला ठेवतो, कारण अडकलेली धूळ त्या फिल्टरबरोबरच घराबाहेर जाते.

विक्रेत्याचा फोन पुढे बंद झाला. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, पत्ता नव्हता, यंत्राचे मॉडेलही लिहिलेले नव्हते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवताना विक्रेता कोण याचे उत्तरच माझ्याकडे नव्हते. वस्तूचे बिल न देणे हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे शुल्कही लागत नाही. पण नोटीस बजावायला पत्ता तर हवा.

ते यंत्र जुन्या वस्तूंत विकून टाका, निम्मे पैसे तरी सुटतील, असे एका शेजाऱ्यांनी सुचवले. ते ज्या घरात जाईल तिथेही कुणाला दमा असू शकतो, म्हणून मी त्याची वायर कापली आणि ते ई-कचऱ्यात दिले.