काटा की ताट? रोजच्या खाण्याला वळण लावताना

खाण्याच्या सवयी सुधारायचं ठरवलं की पहिल्याच आठवड्यात वाटेला दोन फाटे फुटतात. एक वाट वजनकाट्याची: जे पोटात जाणार ते आधी काट्यावर ठेवायचं आणि मग ॲपमध्ये नोंदवायचं. दुसरी ताटाची. तिथे मोजायचं काही नसतं, पण कशाला किती जागा हे ठरलेलं असतं. निम्म्या ताटात भाज्या-फळं, पाव ताटात धान्य, पाव ताटात प्रथिनं. साखर घातलेली पेयं सोडणं, टीव्हीसमोर न जेवणं, झोपण्याच्या दोन-तीन तास आधी जेवण उरकणं हे बदल दोन्ही वाटांवर करता येतात, त्यामुळे ते इथे धरलेले नाहीत. इथे प्रश्न एवढाच की रोजची शिस्त आकड्यांवर उभी करायची की जागेवर.

आधी काट्याची बाजू, कारण ती वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. डोळ्याला आकार कळतो, घनता कळत नाही. एक मोठा चमचा तेल, म्हणजे १५ मिली, सुमारे १२० कॅलरी देतं. तितक्याच कॅलरी मिळवायला काकडी पाऊण किलोच्या आसपास खावी लागेल. मूठभर दाणे ‘चार दाणेच तर खाल्ले’ म्हणत संपतात, आणि काट्यावर ते ३० ग्रॅमऐवजी ५५ भरतात. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला एक अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो: कमी खाऊनही वजन उतरत नाही असं म्हणणाऱ्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघालं. त्यात मोजकेच लोक होते, त्यामुळे तो आकडा सगळ्यांना लावू नये, पण अंदाज कुठवर घसरू शकतो याची कल्पना त्यावरून येते.

काटा घ्यायचाच तर एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि ‘टेअर’चं बटण असलेला घ्या. भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि एकेक जिन्नस त्यातच घालत जायचा. तेलासाठी उलटी युक्ती: अख्खी बाटली काट्यावर ठेवा, शून्य करा, उचलून कढईत तेल ओता आणि बाटली परत ठेवा. काटा उणे १८ दाखवत असेल तर १८ ग्रॅम तेल गेलं. चमचा बरबटत नाही आणि चमच्याला चिकटून राहिलेलं तेल चुकून मोजलं जात नाही. मधाच्या किंवा दाण्यांच्या कुटाच्या बरणीलाही हीच रीत. चार-पाच ग्रॅमच्या खाली मात्र स्वयंपाकघरातला काटा भरवशाचा नाही. तिथे चमचाच बरा.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक कच्च्या-शिजलेल्याची. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० ते ३६० कॅलरी असतात, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३०च्या आसपास. वाढलेल्या भाताचं वजन करून ॲपमध्ये ‘तांदूळ’ निवडलात तर नोंद जवळजवळ तिप्पट होते. उलट चूक केलीत तर दिवसभर भूक मारल्याचं समाधान मिळतं आणि खाणं मात्र भरपूर झालेलं असतं. कडधान्यं, पास्ता, ओट्स, जे जे पाणी पितं त्या सगळ्यांची हीच गत.

एवढं करूनही हाती येतो तो अंदाजच. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ ९, हे ढोबळ गुणक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ॲटवॉटर यांनी बसवले आणि आजही बहुतेक लेबलं त्यांच्यावरच चालतात. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये बदामांचं प्रत्यक्ष पचन तपासलं, तेव्हा २८ ग्रॅममागे १७०च्या आसपास धरल्या जाणाऱ्या कॅलरी १२९ निघाल्या, कारण पेशींच्या भिंतींत अडकलेली चरबी न पचताच बाहेर जाते. त्याच देशात पाकिटावरच्या आकड्यापेक्षा आत २० टक्क्यांपर्यंत जास्त कॅलरी निघाल्या तरी कायद्याला ते चालतं. म्हणजे १,८०० चं लक्ष्य ठेवून १,७९४ वर खूश होण्यात फारसा अर्थ नाही. कल कळला तरी काट्याने त्याचं काम केलं.

इथवर काटा सोसता येतो. माझ्या मते तो अडतो पातेल्यापाशी.

जिथे चार जणांसाठी एकच रस्सा शिजतो, तिथे हिशेब असा मांडावा लागतो. रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच करून ठेवायचं, समजा १,२४० ग्रॅम. घातलेला प्रत्येक जिन्नस मोजून बेरीज करायची, समजा १,९०० कॅलरी. शिजल्यावर पातेल्यासकट वजन करायचं, ते आलं ३,०१० ग्रॅम. म्हणजे रस्सा १,७७० ग्रॅम, १०० ग्रॅमला १०७ कॅलरी. तुमच्या वाट्याला ३२० ग्रॅम आला तर साधारण ३४३ कॅलरी. गणित चोख आहे. गरम पातेलं थेट काट्यावर ठेवल्याने काटा बिघडतो, म्हणून मध्ये लाकडी पाट घालून त्याचंही वजन वजा करायचं, एवढंच काय ते.

पण तेल तवंग होऊन वर येतं, डाळ आणि भाजीच्या फोडी तळाशी बसतात. डाव वरून फिरवला की तेल जास्त येतं, तळातून घातला की फोडी जास्त. तेच ३२० ग्रॅम एका वाटीत अडीचशे कॅलरींचे असू शकतात आणि दुसऱ्या वाटीत चारशेचे. त्यातच तुम्ही वजन करण्याआधी कुणीतरी वाटीभर वाढून घेतो, उरलेल्यात कुणी पाणी घालून सरबरीत करतो, संध्याकाळी गरम करताना पाव भाग आटतो. मग सकाळचा १०७ हा आकडा कशाचाच उरत नाही. तो खरा ठेवायचा तर प्रत्येक वेळी ढवळून, सगळ्यांना थांबवून, जेवण निवत असताना वजन करावं लागतं. आठवडाभर हे निभतं. महिनाभर निभलेलं सहसा दिसत नाही.

सोडून देणं हे तरी त्यातल्या त्यात बरं. जास्त नडतो तो मधला मार्ग. पातेल्याची नोंद करायला बारा-पंधरा ओळी भराव्या लागतात, पाकिटाचा बारकोड एका क्षणात वाचला जातो. कंटाळलेला माणूस नकळत बारकोडकडे सरकतो. घरच्या डाळीऐवजी प्रोटीन बार, फळाऐवजी ‘९० कॅलरी’ छापलेला पुडा. नोंदवही स्वच्छ दिसते आणि ताटातल्या भाज्या कमी झालेल्या असतात. ज्या साधनाने खाणं सुधारायचं, तेच ताज्या अन्नाला अवघड आणि पाकिटाला सोपं करून ठेवतं. काट्याबद्दलची माझी मुख्य तक्रार ती हीच. कदाचित एकट्यापुरतं, मोजकंच शिजवणाऱ्याला ती जाणवणारही नाही.

ताटाला पातेल्याची अडचण नाही, कारण ते डावात काय आलं हे विचारत नाही, ताटात कुठे पडलं एवढंच बघतं. हार्वर्डचं आणि अमेरिकी कृषी खात्याचं, अशी ताटाची दोन प्रसिद्ध चित्रं २०११ साली आली. तपशिलात फरक असला तरी निम्मं-पाव-पाव हा सांगाडा जवळपास सारखाच आहे. ताट किती मोठं, हा प्रश्न मात्र बरेच जण टाळतात. २७ सेंटिमीटर व्यासाच्या ताटाचं क्षेत्रफळ सुमारे ५७३ चौरस सेंटिमीटर, २३ सेंटिमीटरच्या ताटाचं ४१५. व्यासात चारच सेंटिमीटरचा फरक, पण जागा पाव हिश्शाहून जास्त घटते. छोट्या ताटाने माणूस आपोआप कमी खातो, हा दावा पूर्वी छातीठोकपणे केला जायचा, आता तो तितका पक्का मानत नाहीत. छोट्या ताटाचा उपयोग एवढाच की ‘पाव’ म्हणजे किती, हे रोज तेच राहतं. रोज तेच ताट वापरा.

वाढण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी भाजी, तीही ताटाच्या मध्यरेषेपर्यंत. मग कडधान्य, अंडं, मासा किंवा जे प्रथिन असेल ते. धान्य शेवटी, उरलेल्या जागेत. धान्य आधी वाढलं की ते निम्मं ताट व्यापतं आणि भाजी तोंडी लावण्यापुरती उरते. ढिगाची उंची सगळीकडे सारखी ठेवा. पाव ताटातला भाताचा डोंगर हा पाव नसतो. दुसऱ्यांदा घ्यायचं असेल तर फक्त निम्म्या बाजूचं.

बटाटा, रताळं आणि मका यांना धान्याच्या पावातच बसवा. पातळ डाळ प्रथिनांच्या पावात धरू नका. घट्ट शिजलेल्या डाळीत १०० ग्रॅमला साधारण ९ ग्रॅम प्रथिनं असतात, दुप्पट पाणी घातलेल्या डाळीची वाटी पोट भरते, पण प्रथिनांचा कोटा भरत नाही.

एकाच भांड्यात सगळं शिजवता तेव्हा ही विभागणी ताटात दिसत नाही, ती कच्च्या मालातच करावी लागते. धान्य आणि डाळी शिजून अडीच-तीन पट फुगतात, भाज्या आक्रसतात. एक वाटी तांदूळ आणि एक वाटी डाळ यांच्याबरोबर शिजल्यावर निम्मा भाग भाजीचा हवा असेल तर चिरलेली भाजी सात-आठ वाट्या लागते. बहुतेक जण दोन वाट्या घालून भरपूर भाजी घातली असं समजतात.

ताटाची खरी किंमत इथे मोजावी लागते: चिरण्यात. पालेभाजी शिजून मूठभर उरते, त्यामुळे निम्मं ताट भरायला अख्खी जुडीही कधीकधी पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते. चार माणसांना ते रोज दीड किलोच्या वर जातं. आठवड्यातून दोनदा चिरून ठेवणं, कोबी-गाजरासारख्या टिकाऊ भाज्या आठवड्याच्या शेवटाला राखून पालेभाज्या आधी संपवणं, पाला धुतल्यावर कोरडा करून कापडात गुंडाळून ठेवणं, हे जमलं नाही तर ताटही दुसऱ्या आठवड्यात कोलमडतं. मटार, फरसबी, पालक गोठवलेले मिळाले तर ते बिनदिक्कत वापरा. निम्मं ताट एकदम पहिल्याच दिवशी गाठू नका. खाण्यातले तंतू (फायबर) अचानक वाढले की पोट फुगतं, गॅस होतो, आणि दोष ‘कच्च्या भाजी’वर येतो. तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, सोबत पाणीही. आणि उत्साहाच्या भरात धान्याचा पाव पुसून टाकू नका. दुपारी तो गाळला की पाच वाजता बिस्किटांचा डबा उघडतो.

काटा कुणी घ्यावा? जेवणातल्या कर्बोदकांवर इन्सुलिनचा डोस ठरतो त्यांनी, वजनी गटात उतरणाऱ्या खेळाडूंनी, मूत्रपिंडाच्या विकारामुळे प्रथिनं किंवा पोटॅशियम मोजून घ्यावं लागतं त्यांनी, अर्थात डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांच्या सांगण्याप्रमाणे. उलट, खाण्याबद्दलच्या भीतीचा किंवा उपाशी राहण्याच्या अतिरेकाचा त्रास पूर्वी होऊन गेला असेल त्यांनी आकड्यांच्या वाटेला न गेलेलंच बरं. उरलेल्यांना मी ताटच सुचवेन. फार तर सुरुवातीचे दहा-बारा दिवस दाणे, तेल, भात एवढंच काट्यावर घालून डोळा तयार करावा आणि मग काटा कपाटात ठेवावा.

ताटाचा एक आंधळा कोपरा तरीही राहतोच: तेल. निम्म्या बाजूची भाजी तेलात पोहत असेल तरी ताट तुम्हाला शाबासकीच देणार. त्यासाठी वेगळी नोंद ठेवायची गरज नाही. एक लिटरची नवी बाटली उघडली की झाकणावर तारीख लिहा आणि संपल्यावर दिवस मोजा. एक लिटर तेल म्हणजे ८,००० हून जास्त कॅलरी. चार माणसांत ती बाटली बारा दिवसांत संपली तर माणशी रोजचं तेल २१ मिली झालं, सोळा दिवस पुरली तर साडेपंधरा. तळणाचं उरलेलं तेल टाकून दिलं असेल तर तेवढं वजा करा. बाहेरचं खाणं या हिशेबात येत नाही, त्यामुळे बाहेर जास्त जेवण झालेल्या महिन्यात बाटली जास्त दिवस पुरली म्हणून हुरळून जाऊ नका.