क्ले शूटिंग शिकायचंय: .४१०, २८, २० की सरळ १२ गेज?

अमेरिकेतल्या आपल्या लोकांचा ठरलेला प्रश्न: बायकोला किंवा बारा-तेरा वर्षांच्या मुलीला क्ले शूटिंग, म्हणजे मशीनने हवेत उडवलेल्या चकत्या शॉटगनने फोडणं, शिकवायचंय, मग छोट्या बोअरची, म्हणजे बारीक नळीची, शॉटगन घेऊ ना, धक्का कमी बसेल? आणि दुकानदार लगेच .४१० पुढे करतो, हलकी, सडपातळ, हातात घेतली की आवडतेच. माझं मत आधीच सांगून टाकतो, .४१० नवशिक्याची बंदूक नाहीच, ज्याला आधीच चकत्या फोडता येतात त्याने स्वतःची परीक्षा घ्यायला ती घ्यावी. शिकायला २० गेज नाहीतर जरा जड १२ गेज, आणि काडतुसांच्या खर्चाचं टेन्शन नसेल तर २८.

आता का ते बघू. गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी नळी बारीक, फक्त .४१० हा गेज नाही, तो नळीचा इंचातला व्यास, गेजमध्ये मोजला तर ६७ च्या आसपास जाईल. बऱ्याच जणांना वाटतं छोट्या बंदुकीचे छर्रे हळू जातात, तसं काही नसतं, टार्गेटची काडतुसं चारही साइजमध्ये साधारण १२०० फूट प्रति सेकंदाच्या आसपासच असतात, म्हणजे उडत्या चकतीच्या किती पुढे नळी न्यायची हे गणित सगळीकडे जवळपास सारखंच. फरक आहे तो छर्रे किती यात. १२ गेजच्या नेहमीच्या टार्गेट काडतुसात २८ ते ३२ ग्रॅम छर्रे, २० मध्ये २५, २८ मध्ये २१ आणि .४१० मध्ये जेमतेम १४ ग्रॅम. स्कीटचे (जवळून उडणाऱ्या चकत्यांचा खेळ) ९ नंबरचे बारीक छर्रे धरले तर ३२ ग्रॅममध्ये साडेसहाशेच्या आसपास येतात आणि .४१० मध्ये तीनशेसुद्धा नाहीत.

एवढे थोडे छर्रे हवेत पसरले की मधे मधे मोकळी जागा राहते, आणि १०८ मिलिमीटरची चकती त्यातून सुखरूप निघून जाऊ शकते. अनुभवी माणूस म्हणतो ठीक आहे, नेम अजून मधोमध हवा होता. नवशिक्याला मात्र कळतच नाही की चुकलं कुठं, नेम जवळपास बरोबर असूनही चकती फुटली नाही म्हणून तो पुढच्या वेळी आणखी पुढे मारतो, मग डोकं वर उचलतो, मग बंदूक मधेच थांबवतो, आणि बरोबर चाललेलं सगळं बिघडवून बसतो. लहान मुलांचं तर काय, चार चकत्या फुटल्या नाहीत की पाचवीला इंटरेस्ट संपला. त्यापेक्षा थोडा धक्का खाल्लेला परवडतो.

आणि धक्क्याचं म्हणाल तर तो नुसत्या गेजवर नसतो, बंदुकीचं वजन आणि काडतुसातला माल, दोन्हीचा हिशोब असतो, इथेच बहुतेक जण फसतात. हलकी आहे म्हणून अडीच-पावणेतीन किलोची २० गेज पंप (प्रत्येक वेळी हाताने मागे-पुढे ओढून काडतूस भरायची) घेतली आणि त्यात २५ ग्रॅमचं काडतूस घातलं, तर धक्का साडेतीन किलोच्या १२ गेजमध्ये २८ ग्रॅम घातल्याइतकाच बसतो, वर सडपातळ बंदूक पटकन हलते आणि चकतीमागे फिरवताना मधेच थांबते. उलट गॅसवर चालणारी १२ गेज सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी), बेरेटा ए३०० सारखी, आणि त्यात २४ ग्रॅमचं काडतूस, हे कॉम्बिनेशन खांद्याला खूपच मऊ लागतं, कारण धक्का एकदम न येता थोडा लांबून येतो. म्हणून मोठ्या माणसाला, ज्याला साडेतीन किलो सहज पेलतं, त्याला मी १२ च सांगेन. अंगाने बारीक असणाऱ्यांना आणि मुलांना २० गेज सेमी-ऑटो, दस्ता आखूड करता येईल अशी. दस्ता लांब असला की नळी पेलायला माणूस मागे झुकतो, गाल नीट टेकत नाही, मग गेज कुठलाही असो, गालाला आणि दंडाला मार बसणारच.

२८ बद्दल मात्र मी तटस्थ राहूच शकत नाही, फार गोड बंदूक आहे. धक्का नावापुरता आणि २१ ग्रॅमचे छर्रे इतके नीट पसरतात की स्कीटच्या अंतरावर, म्हणजे वीस-बावीस यार्डांवर, २० पेक्षा कमी आहे असं जाणवत नाही. मग सगळे हीच का घेत नाहीत, तर काडतुसं. शिसं कमी असूनही २८ आणि .४१० ची काडतुसं १२ आणि २० पेक्षा महाग पडतात, कारण ती बनतातच कमी, आणि बऱ्याच दुकानांत शेल्फवर नसतातच. एक राउंड २५ चकत्यांचा म्हणजे बरोबर एक बॉक्स, शिकताना एका सकाळी तीन-चार बॉक्स सहज उडतात, तेव्हा हा फरक बंदुकीच्या किमतीपेक्षा जास्त टोचतो. घरी काडतुसं भरायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

कुठला खेळ हेही बघा. ट्रॅपमध्ये चकती तुमच्यापासून लांब पळते, तुम्ही मशीनच्या १६ यार्ड मागे उभे, छर्रे लागेपर्यंत चकती तीस-पस्तीस यार्डांवर गेलेली असते, तिथे १२ चांगली, २० चालते, .४१० नकोच. स्कीट जवळचा खेळ, आणि अमेरिकन स्कीटमध्ये तर १२, २०, २८ आणि .४१० अशा चारही साइजच्या वेगळ्या स्पर्धा असतात, म्हणून छोट्या बोअरची खरी मजा तिथेच. त्यात अडकलात तर लोक १२ गेजच्या ओव्हर-अंडरमध्ये (एकावर एक दोन नळ्यांची बंदूक) आतून बारीक नळ्या बसवून घेतात, बंदूक तीच, गेज चार. पुढेमागे भारतात खेळायचा विचार असेल तर प्रश्नच मिटला, ऑलिंपिक ट्रॅप-स्कीट सगळं १२ गेज आणि २४ ग्रॅमवर चालतं, पॅरिसला २०२४ मध्ये अनंतजीत सिंग नरुका आणि महेश्वरी चौहानचं मिक्स्ड स्कीटचं ब्राँझ एका पॉइंटने गेलं तेही त्यातच.

दुकानात जायच्या आधी व्हिसा बघा, हे गंमत म्हणून सांगत नाहीये. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन अशा व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे, रेंजवरची भाड्याची बंदूक हातात घेणंसुद्धा त्यात येतं. काही अपवाद आहेत, नेहमीचा म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. राज्यांचे नियम त्यावर आणखी वेगळे, न्यू जर्सीत शॉटगन विकत घ्यायलाही आधी बंदुकीसाठीचं वेगळं आयडी कार्ड काढावं लागतं. शंका असेल तर वकिलाला विचारा, रेंजवरच्या काउंटरला नाही.

आणि घरात १२ आणि २० दोन्ही येणार असतील तर एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा, रेंजवर निघताना खिशात एकाच साइजची काडतुसं. २० चं काडतूस चुकून १२ मध्ये गेलं तर ते घसरून पुढे नळीत अडकतं, बंदूक रिकामी वाटते, मागून १२ चं घालून मारलं की नळी फाटते. २० ची काडतुसं पिवळी असतात ती याचसाठी.