जुन्या डेस्कटॉपला ४ टीबी: कॅबिनेटच्या आत की यूएसबी बॉक्समध्ये?

मशीन दहा-बारा वर्षांचं आहे, चालतंय व्यवस्थित, फक्त जागा संपली आहे. ३.५ इंची, ४ टीबी किंवा त्याहून मोठी हार्ड डिस्क घ्यायची हेही ठरलंय. आता ती मदरबोर्डच्या साटा पोर्टला लावायची की वेगळा अ‍ॅडाप्टर असलेल्या यूएसबी बॉक्समध्ये ठेवायची, एवढंच उरतं. दोन्ही प्रकार वापरले आहेत आणि दोन्हींत काम भागतं, हे आधीच सांगतो.

आत लावायला लोक कचरतात ते २.२ टीबीच्या मर्यादेपायी, म्हणजे जुन्या मशीनला त्यापुढची जागा वापरता येत नाही या समजापायी. ही मर्यादा डिस्कची नाही आणि बहुतेक वेळा बायोसचीही (बोर्डातलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) नाही. डिस्कचे भाग कुठे आहेत हे नोंदणाऱ्या जुन्या पद्धतीच्या एमबीआर तक्त्यात सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा, क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो. सेक्टर ५१२ बाइटचा धरला की हिशेब २.२ टीबीला संपतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क जीपीटी (नव्या पद्धतीचा तक्ता) केली की विषय मिटला. व्हिस्टापासून पुढची कुठलीही विंडोज, अगदी ३२ बिटांचीसुद्धा, डेटासाठी जीपीटी डिस्क वापरते. ३२ बिटांची एक्सपी तेवढी वापरत नाही. त्याच डिस्कवरून विंडोज सुरू करायची असेल तर मात्र यूईएफआय (बायोसची नवी पिढी) लागतं, जे बऱ्याच जुन्या बोर्डांत नसतं. म्हणून विंडोज जुन्या डिस्कवर किंवा छोट्या एसएसडीवरच राहू द्यावी आणि मोठी डिस्क निव्वळ गोदाम म्हणून वापरावी.

आत लावताना बोट कुठे चेपतं तेही सांगतो, कारण चार-पाच ठिकाणी नक्की चेपतं.

नवी डिस्क लावून मशीन सुरू केलं आणि बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश आला, तर घाबरू नका. जुने बायोस नवी डिस्क परस्पर पहिल्या क्रमांकावर नेतात. हार्ड डिस्कचा प्राधान्यक्रम बदला, काम झालं. तिथेच साटा मोड आयडीई (डिस्कशी बोलायची जुनी पद्धत) दिसला तर सहज म्हणून एएचसीआय (नवी पद्धत) करू नका. विंडोजमध्ये ड्रायव्हरची तयारी नसेल तर निळा स्क्रीन ठरलेला. डेटाची डिस्क आयडीई मोडमध्येही चालते.

३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसणं हा दुसरा नेहमीचा प्रकार. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर १०.१ च्या आधीचा असला की तो २ टीबीपर्यंतचा भाग गिळतो आणि उरलेलं तेवढं दाखवतो. ड्रायव्हर अद्ययावत करा, आणि तोवर त्या डिस्कवर काहीही लिहू नका. सेक्टरचा क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू होऊन पुढचा डेटा सुरुवातीच्या डेटावर बसू शकतो.

वीज हा सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर खेचते, नंतर ६ ते ८ वॉटवर स्थिरावते. बऱ्या स्थितीतल्या एसएमपीएसला (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) हे जड नाही. साटा पॉवरचं टोक शिल्लक नसेल तर मोलेक्सवरून (जुनं चार पिनांचं टोक) साटा करणारी वायर लागते. ती घेताना टोक नीट बघा. वायरीभोवती प्लॅस्टिक ओतून बनवलेलं टोक नको, आतल्या तारा एकमेकींना चिकटून ते जळल्याची उदाहरणं आहेत. वायरी पिनांवर दाबून बसवलेलं, मागून उघडं दिसणारं टोक घ्या.

तयार एक्सटर्नल डिस्क फोडून आतली डिस्क वापरणाऱ्यांना आणखी एक गंमत भेटते. डिस्क फिरतच नाही, मेल्यासारखी पडून राहते. तिच्या पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की ती स्वतःला बंद ठेवते, आणि जुने एसएमपीएस त्या पिनेवर ३.३ व्होल्ट देत असतात. त्या पिनेवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहणारा टेप) बारीक पट्टी चिकटवा, नाहीतर वर सांगितलेली मोलेक्सची वायर वापरा. मोलेक्समध्ये ३.३ ची तारच नसते. बसवताना स्क्रूची भोकंही जुळवून बघा, जास्त क्षमतेच्या बऱ्याच डिस्कना मधली भोकं नसतात. दोनच स्क्रू लागत असतील तर तिरपे, समोरासमोर लावा, घरघर कमी होते.

बॉक्सला यातलं काहीच नाही. अ‍ॅडाप्टर भिंतीत, केबल मागे, झालं. लॅपटॉपवाल्यांना दुसरा पर्यायही नाही, आणि बॅकअप काढून कपाटात ठेवायचा असेल तर बॉक्सच बरा.

वेग मात्र बघावा लागतो. जुन्या मशीनवर यूएसबी २ असेल तर सेकंदाला ३० ते ३५ एमबी मिळतात, म्हणजे ४ टीबी भरायला बत्तीस ते सदतीस तास. तीच डिस्क साटा २ वर सरासरी १५० एमबीने भरली तर साडेसात तास. पीसीआय एक्स्प्रेसच्या छोट्या स्लॉटमध्ये यूएसबी ३ चं कार्ड टाकता येतं. पण कॅबिनेट उघडायचंच तर डिस्कनं काय घोडं मारलंय?

तरी वेगामुळे माझा कौल फिरला नाही. गोदाम एकदाच भरायचं असतं, रात्रभर चालू ठेवता येतं. कौल आत लावण्याकडे फिरला तो बॉक्समधल्या छोट्या पट्टीमुळे, साटाचं यूएसबी करणाऱ्या ब्रिजमुळे.

यातले काही ब्रिज, विशेषतः एक्सपीच्या काळात २ टीबीच्या वरच्या डिस्कसाठी बनवलेले, संगणकाला सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचा आहे असं सांगतात. हेतू चांगला, कारण त्यानं एमबीआरची मर्यादा आठपट होते आणि जुन्या विंडोजलाही अख्खी डिस्क दिसते. बॉक्स चालू आहे तोवर कुणाला पत्ताही लागत नाही. एक दिवस बॉक्सचा अ‍ॅडाप्टर जातो किंवा यूएसबीचं टोक सैल होतं. डिस्क ठणठणीत असते. ती काढून थेट साटाला लावली की विंडोज म्हणते, डिस्क इनिशियलाइज करा किंवा फॉरमॅट करा.

डेटा जागेवरच असतो, पत्ता चुकलेला असतो. विंडोज पहिलं पार्टिशन १ एमबीवर सुरू करते. ४०९६ च्या हिशेबात तो २५६ वा सेक्टर. तक्त्यात २५६ लिहिलेलं असतं, आणि थेट साटावर २५६ गुणिले ५१२ म्हणजे १२८ केबीवर शोध घेतला जातो, तिथे काहीच नसतं. जीपीटी केली असेल तरी तेच, तक्त्याचं शीर्ष ४०९६ व्या बाइटवर असतं आणि शोधलं जातं ५१२ व्यावर. उलट दिशेनंही हेच घडतं, साटावर भरलेली डिस्क अशा बॉक्समध्ये कोरी दिसते. अशा वेळी ‘इनिशियलाइज’ला किंवा ‘फॉरमॅट’ला होकार देऊ नका. लिनक्समध्ये त्या डिस्कवर ४०९६ बाइट सेक्टरचं लूप डिव्हाइस (आभासी डिस्क) उभं केलं तर फायली बहुधा वाचता येतात. नाहीतर तसाच ब्रिज असलेला दुसरा बॉक्स शोधत बसायचं.

सगळे बॉक्स असे नसतात, नव्यांपैकी बरेचसे ५१२ जसेच्या तसे पुढे देतात. पण खोक्यावर हे छापलेलं नसतं. डिस्क माझी आणि किल्ली त्या पट्टीकडे, हे मला पटलं नाही. साटावर जीपीटी करून भरलेली डिस्क उद्या मदरबोर्ड मेला तरी दुसऱ्या कुठल्याही मशीनच्या साटा पोर्टवर उघडते.

आत लावल्यावर पहिल्या आठवड्यात स्मार्टमधला (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदी) १९९ क्रमांकाचा आकडा, सीआरसी म्हणजे केबलवरून डेटा जातानाच्या चुकांचा, दोनदा पाहून ठेवा. तो वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून जुन्या साटा केबलचा असतो. खटका असलेली नवी केबल टाका. आकडा शून्यावर परत येत नाही, पुढे वाढायचा थांबला की झालं. काही फार जुन्या व्हीआयए चिपसेटच्या बोर्डांवर नवी डिस्क ओळखलीच जात नाही. तिथे पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट असेल तर दोन पोर्टचं साटा कार्ड टाकावं, नसेल तर बॉक्सच घ्यावा.

आणि बॉक्सच घेणार असाल तर डिस्क कोरी असतानाच तपासणी उरका. बॉक्समधून जोडा, विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स असं जाऊन बाइट्स पर सेक्टरसमोरचा आकडा बघा. ५१२ असेल तर निश्चिंतपणे भरा. ४०९६ असेल आणि डिस्क थेट साटावर ५१२ सांगणारी असेल, तर तो बॉक्स त्याच दिवशी बदलून आणा.